पाचवीच्या वर्गातला अबोला

दिपाली : तुझी आजी मला मागंच म्हणाली होती, ‘तुम्हा जावांच्या भांडनात पोरीला निरोपाला लावू नको गो, तिला तीच सवय लागंल.’ मी हसण्यावारी नेलं. मनाली, इकडे बघ. आज डबा द्यायला शाळेत गेले, तर हेमाली एकटीच पायरीवर. मी हाक मारली, तर तिनं आधी तुझ्याकडे पाहिलं. का?

मनाली : परवानगी घेत असेल.

दिपाली : कसली परवानगी?

मनाली : बोलायची. मॉनिटर मी आहे ना.

दिपाली : अगं, सख्ख्या काकाची मुलगी ती! आपल्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहते!

मनाली : वर्गात बहीण-बिहीण चालत नाही. तिनं कबड्डीत सगळ्यांसमोर मला चीटर म्हटलं. शाळेतल्या मुलींच्या गटात बाईंनी शिकवलंय, लीडरनं मारामारी करायची नाही, भांडण शांतपणे मिटवायचं. मी तिला हात पण लावला नाही. फक्त सगळ्यांना सांगितलं, हेमालीशी अबोला.

दिपाली : सगळ्यांना म्हणजे?

मनाली : अख्ख्या वर्गाला. एकदम शांत झालं. बाईंनी शाबासकी दिली मला, आता वर्गात भांडणं होत नाहीत म्हणून.

दिपाली : देवा! आणि मी तुझा तो मॉनिटरचा बिल्ला अख्ख्या टेमघर गावाला दाखवत फिरले. तिला काही लागलं तर? पट्टी, खोडरबर?

मनाली : मला सांगायचं. मी निरोप देते. तुझे नि काकूचे देते तसेच. ‘तिला सांग मोटर बंद कर.’ ‘तिला म्हणावं दोरीवरचे कपडे काढ.’ मला येतं ते.

दिपाली : ते... मोठ्यांचं वेगळं असतं.

मनाली : काय वेगळं?

दिपाली : उलट विचारू नकोस.

मनाली : तूच पप्पांना म्हणालीस, त्या बाईच्या तोंडी लागण्यापेक्षा न बोललेलं बरं, घरात शांतता राहते.

दिपाली : म्हणाले. हो, म्हणाले मी. बरं, ती डबा कोणाबरोबर खाते?

मनाली : खात नाही हल्ली. पाणी पण पीत नाही.

दिपाली : पाणी का नाही?

मनाली : मग बाथरूमला जावं लागतं ना! मुलींच्या बाथरूमची कडी तुटलीय. बाहेरून कोणीतरी दार धरून उभं राहावं लागतं.

दिपाली : तिचं दार कोण धरतं?

मनाली : कोणी नाही. अबोला आहे ना.

दिपाली : म्हणजे शाळा सुटेपर्यंत ती जातच नाही? रोज? मनाली!

मनाली : तिनं सॉरी म्हणायचं मग!

दिपाली : कोणाला म्हणणार? तिच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलंस ना तू!

(खालच्या गाळ्यात खडखडणारे लूम, म्हणजे यंत्रमाग, एकदम थांबतात.)

मनाली : लाईट गेली. मम्मी... वर कोण रडतंय?

दिपाली : हेमाली. लूमच्या खडखडाटात ऐकूच येत नव्हतं.

मनाली : तिचं पोट दुखतंय. शाळेतनं आली तेव्हाच अंग गरम होतं. काकू म्हणते, नजर लागली.

दिपाली : आणि हे तू आत्ता सांगतेस मला?

मनाली : वरच्यांचं नाव घरात काढायचं नाही, असं तूच सांगितलंयस. निरोप देऊन येऊ का?

दिपाली : नको. निरोप नको. ऊठ, दोघी जाऊ.

मनाली : मी नाही. बाई माझा बिल्ला काढून घेतील. सगळ्या मला चिडवतील.

दिपाली : भीती वाटते? मला पण वाटते. हा घे माझा हात. धर आणि चल.

(दोघी वरच्या मजल्यावर, हेमालीच्या दाराशी जातात.)

दिपाली : गोदूवहिनी! दार उघडा. मी दिपाली.

गोदू : तू? सोता आलीस? आज निरोप घेऊन पोरीला न्हाय धारली?

दिपाली : ही काय, मागं उभी आहे. वहिनी, माझ्यावरचा राग उद्या काढा, मी सगळं ऐकून घेईन. हेमाली कशी आहे?

गोदू : कशी असंल? अंग तापलाय. पोट धरून पडली हाय. मीठ-मिरची उतरवली, तरी फरक न्हाय.

दिपाली : नजर नाही, वहिनी. पोरगी शाळेत दिवस दिवस लघवीला जात नाही. पाणी पीत नाही. आमच्यामुळं.

गोदू : काय बोलतेस काय तू?

मनाली : काकू... मीच सगळ्यांना सांगितलं होतं, तिच्याशी बोलू नका.

गोदू : तू? मना, तू गो? माझ्या हातचं जेवतेस नि...

दिपाली : हिला मी पाठीशी घालणार नाही, वहिनी. पण आधी डॉक्टर. मी खाली जाऊन रिक्षा थांबवते. तोवर हेमालीजवळ बसा आणि हळूच विचारा, लघवीला जळजळतंय का.

गोदू : माझ्याशी पन बोलत न्हाय गो ती. निसती भिंतीकडं तोंड करून हाय.

दिपाली : तरी विचारा. नाही बोलली तरी उठू नका जवळून. जा, बघा तिला.