रोजचं वाचन

काय म्हणाले बाबा तुम्हाला, मुलगी देवमाणूस आहे? — म्हणालेच असणार. घरात पाऊल टाकील त्याला हेच ऐकवतात, गॅसवाल्याला, मीटर बघायला येतो त्याला, आज तुम्हाला. बसा ना, ती उशी सारा बाजूला. उघडा ते कानाचं मशीन खुशाल, पण उगीच हेलपाटा पडला हो तुम्हाला, ते कधीच मेलंय — धाकट्या भावाने पाठवलं ना? हां, तोच तो. रविवारी तासभर टेकायचं आणि बापाची काळजी मिरवून जायचं. बाबा तरीही रोज सकाळी कानात घालतात, सवय, दुसरं काय. — आणि हळू कशाला बोलताय? मशीन तुमच्या हातात आहे, आता खिडकीशी जाऊन कानाशी ढोल बडवलात तरी मान वळणार नाही.

बॉयलरने खाल्ले कान. कागदाच्या गिरणीत इंजिनिअर होते, सगळी वाफ त्यांच्या ताब्यात. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक पंपाला, मूठ कानाला, आणि सांगायचे — हे बेअरिंग आता जातंय. जायचंच! माणसं उठून उभी राहायची त्यांना बघून. व्यसन नाही, शिवी नाही, पगार आईच्या हातात. परदेशची नोकरी चालून आली तर नको म्हणाले, पोरं तिकडे देवाला विसरतील. भोंगा झाला की थेट घर, हातपाय धुवायचे, आम्हाला ओळीने बसवायचं, प्रार्थना. पोर तापाने फणफणलेलं असलं तर मांडीवर घेऊन, पण प्रार्थना. प्रेम? — होतं ना. तेच तर. मारकुटा बाप असता तर बरं झालं असतं हो, घर सोडून पळून तरी गेले असते.

त्यांच्याच हाताखाली एक नकाशे काढणारा होता. — हसू नका, मीही होते बरी तेव्हा. घरी बोलावलं मी त्याला. सगळे प्रार्थनेला बसले, हा दाराशी उभा. साधेपणाने म्हणाला, "माझा विश्वास नाही, उगीच खोटं कशाला बसू?" बाबा चिडले? छे! आवाज चढवणं त्यांच्या रक्तातच नाही. "मी करीन त्याच्यासाठी प्रार्थना," म्हणाले, आणि केलीसुद्धा, सगळ्यांसमोर, त्याचं नाव घेऊन. पुढच्या महिन्यात त्याची बदली, पार दुसऱ्या टोकाच्या गिरणीत, कागदावर सही ह्यांची. मला जेवायला वाढता वाढता सांगितलं — "चांगली संधी आहे गं त्याला." मी गिळला तो घास. त्याने तिकडेच लग्न केलं. मग आईने अंथरूण धरलं, धाकटा आपल्या वाटेने गेला, आणि प्रार्थनेत ह्यांनी एक नवी ओळ घातली, माझ्यादेखत, रोज — "देवा, ही लेक तू आमच्यासाठी राखून ठेवलीस, तुझे उपकार." राखून ठेवली! पाहुण्यांसाठी कपबशा राखून ठेवाव्यात तशी!

आता डोळेही अधू झालेत, तेव्हा ग्रंथ मी वाचते. दिवेलागणीला आपणच खुर्ची ओढून समोर येऊन बसतात. मी ग्रंथ उघडते, चाल लावते — आणि ऐका हं, गंमत आहे — त्यातलं एक अक्षर वाचत नाही. माझंच सांगते. तोच संथ सूर, तेच थांबणं. तू माझा जन्म गिळलास, आणि वर तोंड पुसून देवाचे आभार मानलेस. आईने शेवटी तुला हाक मारली नाही, मला मारली. तू जाशील त्या दिवशी मी पोटभर जेवीन. — रोज नवीन सुचतं हो, कुठून सुचतं कोण जाणे. आणि हे हात जोडून, डोळे मिटून डोलतात. रडतात कधी कधी! भक्तीने! म्हणतात, "अजून थोडं वाच, बाळ." मग मी वाचते अजून थोडं. — असं बघताय काय? कोणाचं काय वाकडं झालं? बहिऱ्यापुढे बोलले काय नि भिंतीपुढे बोलले काय. वाफेला वाट ठेवावी, नाहीतर बॉयलर फुटतो, ही त्यांचीच शिकवण.

कसली शिट्टी? — मशीन कानात शिट्टी मारतं म्हणून फोन होता त्याचा? अहो, मेलेलं मशीन शिट्टी कसं मारेल? सेलच नाही त्यात. सेल मीच काढून फेकला होता, आणि खाणाखुणा करून सांगितलं होतं त्यांना, बिघडलं, आता दुरुस्त होत नाही म्हणून. — बघू. — हा कोणी घातला? टिकतो किती असा सेल? — आठवडाभरच? मग... धाकटा नेतो? तुमच्याच दुकानातून? दर महिन्याला पाकीट — कधीपासून? — हिवाळ्यापासून. — बाबांनी सांगितलं होतं त्याला? ताईला कळू देऊ नकोस, असं?

म्हणजे हिवाळाभर. समोर बसून. स्वतः खुर्ची ओढून. मग रडायचे ते —

नको, पाणी नको मला. झालं का साफ? गेली शिट्टी? द्या इकडे, मी घालते त्यांच्या कानात. — थांबा. ह्याचा आवाज आणखी वाढतो का? — वाढवा मग. — अजून. — अजून थोडा. — हं, बास. निघा तुम्ही आता, आणि दार ओढून घ्या जाताना. आमची वाचायची वेळ झाली.