एका बाजूचं चामडं

नाही, त्या दोरीला हात लावू नका, साहेब. दिसायला साधी दिसते, पण वरची घंटा एकदा का डोलायला लागली की माणसाला हातासकट वर ओढते. माझ्या वडिलांचा खांदा तिनेच निखळवला होता, आणि तरी मरेपर्यंत त्यांनीच वाजवली, मग मी. बसा. बाकावर बसा, तो कोरडा आहे — ह्या बुरुजात सगळ्याला ओल धरते, तेवढा एक बाक सोडून. तर तुम्ही काय विचारत होतात? हां. निकालाच्या दिवशी घंटा वाजली का. वाजली ना. नाही कशी म्हणू, अख्ख्या गावाने ऐकली. पण का वाजली, हा तुमच्या करखात्याचा प्रश्न — कळलं मला. घंटा जर एका उमेदवाराच्या विजयासाठी वाजली असेल तर चर्चने राजकारण केलं, आणि राजकारण करायचं असेल तर करमाफी कशाला, बाकीच्यांसारखा कर भरा — असंच ना? मला सगळं ठाऊक आहे. फादरांनी सकाळीच समजावून सांगितलं. माझा हात हातात घेऊन सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतला.

त्या खिडकीतून बघा — नाही, डावीकडे. पांढरा पडदा दिसतो तो आपला दवाखाना. आपला म्हणजे चर्चचा, एकाच ट्रस्टचं सगळं. त्या पडद्यामागे माझी मुलगी पडलीय. डायलिसिस. दिवसाआड यायचं, सकाळी टोचून घ्यायचं, दुपारी सुटायचं. फुकट. कोणाला विचारत नाहीत तुम्ही मत कुणाला दिलं — यंत्राला काय कळतं, ते आपलं रक्त घेतं, धुतं, परत देतं. करमाफी गेली तर पहिलं काय बंद होईल? घंटा नाही बंद होणार, साहेब. घंटेला काय लागतं, एक दोरी आणि एक बाई. तो पडदा बंद होईल. हे फादर म्हणाले नाहीत हं, हे मीच म्हणते. फादर एवढंच म्हणाले, तू समजूतदार आहेस.

आमचे हे मात्र वेगळं म्हणायचे. शिंपी होते — कोपऱ्यावरचं बंद दुकान बघितलं असेल तुम्ही येताना, खिडकीत अजून तो निवडणुकीचा फलक आहे, मी काढला नाही, काढायचं राहून गेलं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांसकट बोलायचे, मला सारखी भीती. ते म्हणायचे, माझ्या एवढ्याशा दुकानाचा मी कर भरतो, आणि मी कुणाला सांगायला जात नाही मत कुणाला द्या. ज्याला सांगायचंय त्याने खुशाल सांगावं, पण मग माझ्यासारखा कर भरून सांगावं. निवडणुकीला उभा होता ना तो दुसरा — हरला तो — तोही हेच म्हणत होता, म्हणून त्याचा फलक ह्यांनी खिडकीत लावला. मी म्हटलं, अहो, स्वतःच्या पोरीच्या पोटावर पाय देताय. तर म्हणाले, पोरीचं यंत्र कुणाच्या मेहेरबानीवर नको, सगळ्यांनी भरलेल्या करातून हवं, म्हणजे हक्काने मागता येईल. मी म्हटलं, ते येईल तेव्हा येईल, तोवर तिचं रक्त काय तुमच्या मशीनवर धुवायचं? हसले. टाचण्या काढल्या तोंडातून आणि हसले. आमचं भांडण झालं की ते असेच हसायचे, मग मला आणखी राग.

आणि तुम्हाला वाटेल मी फादरांचीच बाजू घेतेय. नाही. वाचनालयवाले आहेत ना, ज्यांनी तुमच्याकडे तक्रार केली — त्यांनीच केली, दुसरं कोण करणार — ते तरी कुठे धुतल्या तांदळाचे? त्यांचीही संस्था, त्यांनाही माफी. पुस्तक घ्यायला गेलं की आत त्या दुसऱ्याची पत्रकं घालून द्यायचे, मी स्वयंपाकाचं पुस्तक आणलं तर त्यातूनही निघालं. मास्तरांना मी ते दाखवलं. म्हटलं, हे बघा तुमचे लोक. तर म्हणाले, त्यांनीही भरावा. तसा माणूस सरळ होता. सरळ माणसाबरोबर संसार करणं — जाऊ दे.

प्रवचनात? मतदानाआधीच्या प्रवचनात फादर काय म्हणाले ते मला कसं सांगता येईल, मी इथे खाली असते, दोरीपाशी, मला निम्मंच ऐकू येतं. नाव घेतलं नाही त्यांनी. एवढं म्हणाले, ज्यांनी हे छप्पर राखलं त्यांना विसरू नका. आता छप्पर कोणी राखलं, दोघांतल्या कुठल्या उमेदवाराने, हे लहान पोरालाही माहीत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, आणि मी तर पगारी वाजवणारी, मी काय बोलू. मास्तर त्या दिवशी उठले आणि बाहेर गेले. मधल्या वाटेने, सगळ्यांसमोरून. बूट करकरत होते त्यांचे. ते मात्र मला पूर्ण ऐकू आलं.

घंटेचं विचारताय ना, तर मग घंटा आधी समजून घ्या, नाहीतर तुमच्या लिहिण्यात घोळ होईल. आत लोखंडाचा लोळा असतो, आम्ही त्याला जीभ म्हणतो. दोरी ओढली की घंटा डोलते आणि जीभ एकदा ह्या बाजूला आपटते, एकदा त्या बाजूला. रविवारी जीभ मोकळी — दोन्ही टोल सारखे. कुणी गेलं की जिभेच्या एका बाजूला चामडं बांधायचं, जाड, बक्कल लावून. मग एक टोल मोठा, एक दबका. मोठा, दबका. तो ऐकला की गावात कुणाला सांगावं लागत नाही. दुकानदार शटर अर्धं खाली घेतात, पुरुष टोपी काढतात, बायका दारात येऊन विचारतात, कोण? चर्चच्या मंडळीतला कुणीही जावो — श्रीमंत, भिकारी, दारुडा — पेटी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याची घंटा. तेवढी एक गोष्ट सगळ्यांना सारखी.

मास्तर मतदान करून आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात, शिलाई मशीनवरच गेले. कुणाचीतरी पँट अल्टर करत होते. एक पाय झालेला, एक राहिलेला. लगेच त्याच्या दुसऱ्या सकाळी पुरायचं ठरलं आणि दुपारी निकाल लागायचा होता. मग पुरायच्या सकाळी फादर आले, घरी आले, बसले, पाणी प्यायले. म्हणाले, आजचा दिवस नाजूक आहे. त्यांच्या खिडकीत तो फलक, आणि आज त्यांच्यासाठी घंटा वाजली तर लोक काही भलतंच काढतील, त्या दुसऱ्याचे लोक मिरवतील, भांडणं होतील. मी म्हटलं, म्हणजे वाजवू नको? तर म्हणाले, छे, असं कसं, वाजव ना. दोन्ही बाजूंना चामडं बांध आणि वाजव. देवाला ऐकू जाईल.

दोन्ही बाजूंना चामडं मी उभ्या जन्मात बांधलं नव्हतं. वडिलांनीही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं. वर चढले, दोन्ही बक्कलं आवळली, खाली आले, ओढली. दोरीला तेवढंच वजन, हाताला तेवढाच हिसका, घाम तेवढाच — आणि आवाज? शेजारच्या खोलीत कुणीतरी गादी झटकतंय एवढा. मी पेटी फाटकाबाहेर पडेपर्यंत वाजवली, साहेब. त्यात कसूर नाही केली. नंतर बाहेर अंगणात पोरगी उभी होती, हाताला पट्टी, आणि तिने मला विचारलं, आई, बाबांची घंटा कधी?

मी म्हटलं, झाली.

नाही, रडत नाहीये मी. रडू येत नाही मला, नळाला पाणी नसतं तसं झालंय, नुसता सूं आवाज. तुम्ही आपलं लिहा. कुठे होतो — हां. दुपारी निकाल लागला, फादरांचा माणूस आला निवडून. फादरांनी निरोप पाठवला, घंटा वाजव, मोकळी वाजव, जोरात. निरोप म्हणजे काय, स्वतःच फाटकातून ओरडले, खुशीत होते. माणूस आहे, खुशीत येतो. सकाळी मी त्यांच्यासमोर नवरा पुरला होता हे ते विसरले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या लक्षात नव्हतं एवढंच. मग मी वर चढले. एक बक्कल सोडलं, चामडं खिशात घातलं. खाली उतरले आणि वाजवली.

मोठा, दबका. मोठा, दबका.

मला इथून रस्ता दिसत नाही, मागाहून लोकांनी सांगितलं. बेकरीवाल्याने शटर अर्धं ओढलं. समोरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. बायका दारात आल्या. कोण गेलं? कोण? कुणीतरी म्हणालं, मास्तर गेले ना, शिंपी. आणि तिकडून मिरवणूक येत होती निवडून आलेल्याची, बँड होता, हार होते — तर लोक टोप्या काढून उभे आहेत हे बघून बँडवाले आपोआप थांबले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत कुणाची घंटा, पण त्यानेही डोकं उघडं केलं आणि खाली मान घालून उभा राहिला. माझ्या मास्तरांसाठी, ज्यांनी त्याच्याविरुद्ध फलक लावला होता. हे मात्र मास्तरांनी बघायला हवं होतं. टाचण्या गिळल्या असत्या त्यांनी.

फादर धावत आले, हा दरवाजा ढकलून, पांढरेफटक. म्हणाले, हे काय केलंस? मी म्हटलं, दुसरं काढायचं विसरले, फादर. ज्या बाईने सकाळी नवरा पुरलाय ती विसरणार नाही तर काय. ते आल्या वाटेने परत गेले. पण दोन बक्कलं शेजारी शेजारी असतात, साहेब. वीतभर अंतर. एक सोडलं की दुसरं हातालाच लागतं. मी विसरले म्हणते खरं. लोकांना सांगून सांगून आता मलाही...

हे लिहू नका. हे तुम्ही लिहीत नव्हतात ना? पेन खाली होतं तुमचं, मी बघितलं.

म्हणजे बघा कसं झालंय. फादरांनी ती विजयासाठी वाजवायला सांगितली, हे मी तुम्हाला सांगितलं तर तो पडदा जातो. मास्तर म्हणाले असते, सांग, खरं ते सांग, ज्याने सांगितलं त्याने भरावं. त्यांना म्हणायला काय जातं, ते सुटले. पडदा गेला की पोरीला घेऊन मलाच बसायचंय. आणि नाही सांगितलं तर — तर फादरांची दोन्ही चामडी मी पुन्हा बांधली, असं होतं. सकाळपासून हेच डोक्यात. करमाफी राहावी की जावी, मला काय वाटतं? मला काही वाटत नाही, साहेब. वाटायला लागलं की कळवते तुम्हाला.

तर लिहा आता. घ्या पेन. निकालाच्या दिवशी घंटा वाजली ती मयताची वाजली. एक टोल मोठा, एक दबका, कुणालाही विचारा, गाव साक्ष आहे, निवडून आलेल्यालाही विचारा, त्याने टोपी काढली होती. कुणासाठी? शिंप्यासाठी. ह्याच मंडळीतला, रीतसर घंटा मिळालेला. हे सरकारी कागदावर यायला पाहिजे, नीट अक्षरात, शिंप्यासाठी. खोटं नाहीये ते. तुमच्या डोळ्यांत दिसतंय तुम्हाला काय वाटतंय, पण खोटं नाहीये. चौकशी लागल्यापासून फादरांनी घंटा बंद ठेवलीय, तेव्हा शिडी लावून वर जाऊन बघा, एक चामडं अजून जिभेला बांधलेलं आहे. मी काढलेलं नाही. दुसरं हे माझ्या खिशात.

पडदा हलला. सुटली ती. सुटल्यावर तिला चक्कर येते, धरायला कुणी लागतं. मघाचं सगळं तुमचं तुम्ही ठरवा, लिहायचं की नाही. मी सांगायचं ते सांगितलं — जास्तच सांगितलं. निघा आता. जाताना दार जोराने ओढा, ओलीने फुगलंय ते. आणि दोरीला हात नका लावू.