तीन नंबरचा नमुना

जबाब देणार : बेपत्ता विद्यार्थ्याची सहाध्यायी. नाव विनंतीवरून वेगळ्या पाकिटात ठेवले आहे. वय २७ वर्षे. धंदा : शिक्षण. राहणार : विद्यापीठामागच्या गल्लीत, लाँड्रीच्या वर, भाड्याने.

ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे :

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. जैवमाहितीशास्त्र आणि उद्योजकता अशा जोड पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे नक्की काय, असे अंमलदार साहेबांनी विचारले. माणसाच्या पेशीत जी अक्षरे असतात ती संगणकावर वाचायची, आणि त्यातून विकता येईल असे काय निघते ते पाहायचे, असे मी सांगितले. माझी आई याला एक ना धड भाराभर चिंध्या म्हणते. धंद्याच्या रकान्यात 'शिक्षण' लिहावे की 'उद्योग' यावर थोडा वेळ गेला. अजून काहीच विकलेले नसल्याने शिक्षण लिहिले आहे.

जो बेपत्ता आहे त्याला आमचा सगळा वर्ग कासव म्हणतो. तो दोन बोटांनी टाइप करतो आणि एक ओळ लिहायला अर्धा तास घेतो, पण लिहिलेली ओळ चुकत नाही. मी भराभर लिहिते आणि मग दिवसभर स्वतःच्या चुका उपसत बसते. म्हणून विभागाने आमची जोडी लावली. आमच्यात मैत्रीपलीकडे काही आहे का, हे मला तीनदा विचारण्यात आले. नाही. तिन्ही वेळा नाहीच सांगितले आहे. तो माझा मित्र आहे, आणि मला इथे जे मित्र मिळाले त्यात तो एकटाच असा आहे की ज्याला मी 'दमले' म्हटले तर तो 'का' असे विचारत नाही.

आम्हा दोघांना पदवीसाठी एक विकाऊ वस्तू तयार करायची होती. आम्ही एक तपासणी तयार केली. एक आनुवंशिक आजार आहे. माणसाच्या अक्षरांत एका ठिकाणी तीच तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. थोडी आली तर काही बिघडत नाही. फार आली तर चाळिशीच्या आसपास हातपाय ऐकेनासे होतात, चालताना झोक जातो, बोलणे अडखळते आणि पुढे पुढे सगळेच जाते. औषध नाही. आई किंवा बाप यांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. लाळेचा नमुना घ्यायचा आणि आमच्या सॉफ्टवेअरने ती अक्षरे मोजून हो की नाही सांगायचे, अशी ती तपासणी होती.

तपासणी बरोबर चालते की नाही हे पाहायला आजारी माणसांचे नमुने लागतात तसे निरोगी माणसांचेही लागतात. आजारी लोकांचे एका रुग्णालयाने दिले. निरोगी कुठून आणायचे, तर आमच्याकडे एक पद्धत आहे. विभागातलेच कोणीतरी नळीत थुंकते, नळीवर नाव न लिहिता नंबर टाकते आणि ट्रेमध्ये ठेवून जाते. कोणाची नळी कोणती हे विचारायचे नाही, असा नियम आहे. तसे तीन नमुने जमले. निरोगी एक, निरोगी दोन, निरोगी तीन. ते निरोगी आहेत हे कोणी तपासले होते का, असे साहेबांनी विचारले. नव्हते. सगळे तरुण होते आणि जिने चढून येत होते, म्हणून निरोगी धरले.

परीक्षेच्या आधीच्या महिन्यात आम्ही पहिल्यांदा सगळे नमुने एकत्र चालवले. आजारी सगळे आजारी आले. निरोगी एक आणि दोन निरोगी आले. तीन नंबर आजारी आला. मी हसले. या सॉफ्टवेअरला वेड लागलंय, असे काहीतरी म्हटले. कासव म्हणाला, परत चालव. परत तेच आले. अशी अक्षरे मोजणे अवघड असते, यंत्र एकच तुकडा दोनदा वाचते आणि आकडा फुगतो, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेले आहे. त्यामुळे चूक सॉफ्टवेअरची आहे याबद्दल मला शंका आली नाही. शंका येणे हाच खरा माझा विषय आहे, तरीही.

उद्योजकतेच्या सरांना दाखवले. सर आधी कुठल्यातरी कंपनीत होते आणि अजूनही ते विद्यार्थ्यांना 'टीम' म्हणतात. ते म्हणाले की गुंतवणूकदारांसमोर धडधाकट माणूस आजारी निघाला तर दुकान उघडायच्या आधीच शटर पडेल, तेव्हा काहीही करा आणि हे दुरुस्त करा. त्यांच्यावर माझा राग आहे, पण त्या दिवशी मला त्यांचे म्हणणे पटले होते हेही लिहून घ्यावे.

पुढचे काही आठवडे मी दुरुस्ती करत होते. कासव शेजारच्या खुर्चीवर असायचा. मी लिहीन ती प्रत्येक ओळ तो नेहमीसारखी सावकाश वाचायचा आणि कुठे कंस राहिला असेल तर दाखवायचा. शेवटी मी एक नियम घातला. ज्या तुकड्यांत ती तीन अक्षरे फार वेळा येतात असे तुकडे नमुन्यात थोडेच असतील, तर ते यंत्राची खरखर समजून वगळावेत. या नियमाने आजारी माणसांचे निकाल बदलले नाहीत आणि तीन नंबर मात्र स्वच्छ आला. मी खाली जाऊन केक आणला. कासवाच्या पाठीत धपका घातला आणि म्हटले, 'वाचला रे तुझा तीन नंबर.' तो हसला आणि त्याने केक खाल्ला. दोन तुकडे खाल्ले.

त्याला कधी कळले होते, हे मला सांगता येणार नाही. पहिल्याच दिवशी कळले असावे. 'परत चालव' म्हणाला तेव्हाच.

सोमवारी दुपारी सादरीकरणाची रंगीत तालीम झाली. सरांनी पडद्यावर तीन हिरवी वर्तुळे टाकली होती, खाली 'निरोगी'. तालीम संपल्यावर मी आणि कासव व्हरांड्यात पाण्याच्या मशीनपाशी उभे होतो. तो बाटली भरत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, 'तो नियम काढून टाक. तीन नंबर मी आहे.'

मला ती चेष्टा वाटली. मी म्हटले, आधीच डोकं फिरलंय, त्यात तू नको. तो 'बरं' म्हणाला. बाटलीचे झाकण लावले आणि जिन्याने खाली गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलेले नाही. मी त्याच्या मागे गेले का, असे विचारण्यात आले. गेले नाही. मला सरांच्या चित्रांचे रंग बदलायचे होते.

मंगळवारी सकाळी सादरीकरणाला तो आला नाही. फोन बंद होता. सर म्हणाले, एकटी उभी राहा, शो थांबत नसतो. सभागृहात परीक्षक, गुंतवणूकदार आणि विद्यार्थी मिळून शंभरेक लोक असतील. मी सगळ्यांसमोर प्रोग्रॅम सुरू केला. एक हिरवा आला. दोन हिरवा आला. तीन लाल आला.

आदल्या संध्याकाळी त्याने माझा नियम काढून सॉफ्टवेअर होते तसे करून ठेवले होते. ते त्याने माझी फजिती करायला केले, असे सर म्हणतात. मला तसे वाटत नाही. तो नियम तसाच विकला गेला असता तर ज्यांचा आकडा जेमतेम काठाच्या पलीकडे आहे अशा माणसांना आम्ही 'तुम्हाला काही नाही' असे सांगत राहिलो असतो. कासवाला हे चालले नसते. चुकीची ओळ त्याने कधी सोडलेली नाही.

सर मागून हळूच म्हणाले, तांत्रिक अडचण म्हण आणि पुढची स्लाइड घे. मी माइकवर सांगितले की सॉफ्टवेअर बरोबर आहे, तीन नंबर निरोगी नाही. मी मंचावरून उतरले आणि तशीच त्याच्या वसतिगृहाकडे गेले. याबद्दल विभागाने माझ्याकडे खुलासा मागितला आहे. तो मी सवडीने देईन.

वसतिगृहाच्या रखवालदारांनी खोली उघडून दिली. अंथरुणाची घडी घातलेली होती. लॅपटॉप आणि फोन टेबलावर होते. चिठ्ठी वगैरे नव्हती. जाड जाकीट, दात घासायचा ब्रश आणि सर्दीच्या गोळ्या नव्हत्या. तो जिवाचे बरेवाईट करेल असे वाटते का, असे साहेबांनी विचारले. मला भीती वाटते. पण ब्रश घेऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठायचे असते, असे मी स्वतःला सांगते आहे, आणि सध्या तेवढ्यावरच माझे चालले आहे.

ओळखीची खूण विचारली. त्याची सगळी अक्षरे माझ्या संगणकात आहेत, आणि मला त्याच्या अंगावरची एक खूण सांगता येईना. त्याच्या ताईंना विचारावे लागले. हनुवटीखाली जुन्या जखमेचा व्रण आहे, लहानपणी सायकलवरून पडला होता. रंग सावळा, बांधा बारीक, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त.

ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. माझा फोन गेल्यावर त्या आज सकाळच्या गाडीने आल्या. दोन्ही मुलांना घरी यजमानांपाशी ठेवून आल्या आहेत. आईवडील हयात नाहीत, म्हणून नात्याने त्याच एक. मी त्यांना स्टँडवर घ्यायला गेले आणि आम्ही बसने इथे आलो. वाटेत त्या आपणहून बोलत होत्या. काळजीत माणूस बोलतो तसे, मागचे पुढचे.

त्या म्हणाल्या की असाच त्यांचा बापही न सांगता निघून जायचा. चाळिशी ओलांडली तसे वडील दारूत बुडाले. भर दुपारी झोकांड्या खात यायचे, हातातला पेला सुटायचा, जीभ जड व्हायची. नोकरी गेली. लग्नाकार्यात लोक हसायचे. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचे की थेंबाला शिवलो नाही. कोणाला खरे वाटले नाही. 'आम्ही दोघं त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचो,' ताई म्हणाल्या. 'वास कधी यायचा नाही. आई म्हणायची, वास न येणारी पितो.' शेवटी आईने त्यांना घराबाहेर काढले. एका दूरच्या नातेवाइकाच्या मागच्या खोलीत ते वारले. शेवटच्या वेळी दोघा भावंडांपैकी कोणी पोचले नाही.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ताईंना मी काही बोलले नाही. ज्याने विचारले नाही त्याला त्याच्या शरीरातले सांगू नये, असे आम्हाला शिकवतात. त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते.

ठाण्यात आल्यावर ताईंना बाहेरच्या बाकावर बसवून मला आत घेतले. शिपायाने त्यांना चहा दिला. कप बशीवर बराच वेळ वाजत होता. त्या प्रवासातून आल्या आहेत आणि रात्रभर झोपलेल्या नाहीत. मी डॉक्टर नाही.

इथवर लिहून झाल्यावर साहेबांनी सांगितले की बेपत्ता इसमाची नातेवाईक म्हणून जबाबाची एक प्रत ताईंना द्यावी लागेल. आजाराचा भाग गाळायचा असेल तर आत्ताच सांगा, शोध घ्यायला वर्णन पुरेसे आहे, असेही ते म्हणाले. ते सभ्यपणे म्हणाले आणि त्यांना माझी दया आली होती. मी विचार करायला वेळ मागितला. गाळणे सोपे आहे, मला ते चांगले जमते. मग मी सांगितले की काही गाळू नये, पण कागद त्यांच्या हातात पडण्याआधी मला त्यांच्याशी बोलू द्यावे. जबाब थांबवून मी बाहेर गेले.

परत आल्यावर पुढे सांगते ते असे : मी ताईंना म्हटले की कासव का गेला असावा ते मला माहीत आहे, पण त्यात तुमच्या घरचेही आहे, ऐकायचे की नाही ते तुम्ही ठरवा. त्या म्हणाल्या, 'सांग.' मी सगळे सांगितले, निम्म्या शक्यतेसकट. स्वतःबद्दल त्यांनी विचारले नाही. मुलांबद्दल विचारतील म्हणून मी थांबले होते. तेही विचारले नाही. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग म्हणाल्या, 'म्हणजे बाबा पीत नव्हते.'

मी म्हटले, 'नाही, नव्हते पीत.'

त्यानंतर ताई माझ्याबरोबर आत आल्या. हा जबाब अंमलदार साहेबांनी आम्हा दोघींसमोर वाचला. ताईंच्या सांगण्यावरून वडिलांचा भाग त्यांनी पुन्हा एकदा, मोठ्याने वाचला. मी सांगितले तसेच लिहिले गेले आहे. खाली माझी सही आहे, तिच्याखाली ताईंची.