मामानं किल्ली काढली

पावण्याला आग्रह करा की, पण त्याच्या गाडीला हात लावू नका.

थोरल्या भावाच्या लग्नाला आमची जुनी पेट्रोलची पिकअप शिरोळला निघालेली. आदल्या दिवशी डायनामोचे कार्बन बदलले, पट्टा आवळला, तरी चार्जिंगचा लाल दिवा काय इझंना. फिटर म्हणाला, "बॅटरीत दम न्हाय. मंडपात पोचस्तवर इंजिन बंद करू नका. बंद केलं की बसलंच म्हणून समजा."

मुहूर्त बाराचा. वाटेत मामाला घ्यायचं होतं. माझा एक डोळा रस्त्यावर, एक त्या दिव्यावर. मामाच्या दारात इंजिन चालूच ठेवून ओरडलो, "मामा, चढा लवकर!"

मामा आला, खिडकीतनं हात घातला आणि किल्लीच काढून घेतली.

"भाच्याचं वऱ्हाड माझ्या दारातनं उपाशी जाणार व्हय? उतरा सगळी!"

इंजिन गप्प. किल्ली हिसकावून स्टार्टर मारला, तर नुसतं टक्क. सगळे उतरून ढकलाय लागले, मुंडावळ्या सावरत नवरदेवपण. गाडी चालू हुईना.

मागनं मामा गरजला, "तरी म्हणत होतो, जेवून घ्या! उपाशी पोटी कुठं गाडी ढकलत्यात व्हय?"