डोंगराचं तोंड

सभेच्या अध्यक्षा, नगराध्यक्षा दोन्या अमालिया, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती फेर्मिनकाका, आणि मागच्या बाकांवर वाइनच्या पिंपाजवळ सोयीनं बसलेले बेनाल्हार गावचे सुज्ञ नागरिक,

प्रथम एक गंभीर तक्रार. या सभागृहात हल्ली वक्त्याचं प्रत्येक वाक्य ऐकू येतं. पूर्वी खिडकीखालच्या धुण्याच्या कुंडातले बेडूक भाषण सुरू होताच असा गजर करत, की वक्त्याची अब्रू शाबूत राही. आज तो आडोसा नाही, सांभाळून घ्यावं.

बेडूक गेले कुठे? काकांसमोरच सांगतो, तशी त्यांचीच आज्ञा आहे. आपले वाडवडील बर्फाचं पाणी वरच्या मातीच्या पाटानं नेत आणि उतारावर मुद्दाम सोडून देत. त्याला ते 'पाणी पेरणं' म्हणत. डोंगर ते पिऊन घेई आणि उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून परत देई. काका पाणीपंचायतीचे अध्यक्ष झाले आणि पाट गळतो म्हणून त्यांनी तो सिमेंटनं बांधून काढला. गावानं टाळ्या वाजवल्या. छिद्र तिथे अनर्थ, असं शहाणे म्हणतात. आपल्याकडे छिद्रं बुजली आणि अनर्थ सुरू झाला. गावची टाकी काठोकाठ भरली, पण झरे आटले, चेस्टनटची झाडं शेंड्याकडून वाळत आली, कुंड कोरडं पडलं.

गेल्या शरदात काका पहार घेऊन निघाले. त्यांच्या पत्नी रेमेदियोसकाकूंनी त्यांना दारातच गाठलं.

"जन्मभर भेगा बुजवल्यास, आणि आता म्हातारपणी पाडायला निघालास?"

"भेग नाही गं ती. डोंगराचं तोंड आहे. मीच बंद केलं होतं."

"मग जेवून जा. सिमेंट कुठं पळून जात नाही."

आता पाटाला जागोजागी तोंडं आहेत. काका रोज सकाळी कुंडाच्या तळाला हात लावून येतात आणि हात विजारीला पुसतात, ओला असल्यासारखा. त्यांचे गुडघे थकलेत. उद्या काका-काकू मुलाकडे अल्मेरियाला राहायला जाताहेत. तिथं समुद्र आहे, सगळे सांगतात. काका ऐकून घेतात.

आयोजकांचे आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. एक साधी गोष्ट सांगून बसतो. यंदा वर बर्फ थोडा आहे. तो वितळेल तेव्हा वर जाऊन पाटात पाणी कोण सोडणार, हे मी घरोघर विचारलं. सगळे म्हणाले, जाईल कुणीतरी. मला त्या 'कुणीतरी'चीच भीती वाटते.