आईचं काम

येडशीच्या स्टँडवर नानासाहेब रांगेत उभे होते. बायको गेल्यापासून ते एकटेच फिरत. पुढं एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

"मच्छिंद्रानं सिनेमात आईच्या कामाला तुला बोलावलं? मला न्हाय?"

"तुमाला दाढी हाय."

"काढतो की! दुष्काळात खडी फोडताना त्यानं पहिलं नाटक बसवलं, तवा आई कोण झालं व्हतं? तुझं लुगडं नेसून म्या रडलो, तर मुकादम बी रडला. तिथनंच गावचं पोरगं मुंबईच्या नाटकात गेलं, आता सिनेमे काढतंय."

"अवो, त्यानं चिठ्ठीत लिवलंय, चाँदपाशाचाचा रडले तसंच रडा. मला न्हाय येत तुमच्यावानी."

"कुलसुम, ते तुझंच रडणं व्हतं. चुलीपुढं बसून रडायचीस, तसंच म्या केलं."

"म्या कशी रडते, मला काय ठावं? दावा की."

म्हाताऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला आणि भर रांगेत हुंदका दिला.

"या अल्ला! नाक बी वढते व्हय म्या?"

"लई वढतीस. आता तू कर."

एवढ्यात गाडी लागली. मागनं कुणीतरी ओरडलं, "चला की पुढं!"

"थांबा जरा," नानासाहेब म्हणाले. "त्यांचं रडून होऊ द्या."