टोपणाआड अडकलेला मॉनिटर

आमच्या घरी नवीन वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. चार वर्षांचा फ्रीजही अजून प्लास्टिकमध्येच आहे. काका करडी गावात लग्नाचे व्हिडिओ बनवतात. एकदा त्यांनी कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तर मॉनिटरवर 'नो सिग्नल'! संध्याकाळी नवरीचे वडील व्हिडिओ न्यायला येणार होते.

"कार्डच खराब हाये, वापस करतो," काका म्हणाले.

मी सहसा मध्ये बोलत नाही, पण मागे वाकून पाहिलं. मॉनिटरची केबल नव्या कार्डाऐवजी जुन्याच जागी होती.

"काका, केबल नव्या कार्डाले काहून नाही लावली?"

"तिथं प्लास्टिकचं टोपण हाये ना बाई! काढलं तर धूळ जाते."

मी कॉम्प्युटर बंद केला, टोपण काढलं, केबल तिथे लावली आणि बटण दाबलं. मॉनिटर झगमगला.

काकांनी टोपण उचलून पाहिलं. मग म्हणाले, "जाय, आता फ्रीजचंही काढून टाक."